राजधानीचे ऋतू (भाग 4) : हिवाळ्यातली व्हिएन्ना

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना 48 अंश उत्तर अक्षांशावर, आल्प्सच्या पूर्वेकडच्या शेवटच्या टेकड्या आणि डॅन्यूब नदी यांच्या मध्ये वसली आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे पावणेआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच मावळतो. दिवस कसाबसा सव्वाआठ तासांचा भरतो. जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. बर्फ पडतो, पण अलीकडे तो फारसा टिकत नाही. आठवडा आठवडा न हटणारे करडे ढग आणि बोचरा वारा हीच इथल्या हिवाळ्याची खरी ओळख.

अशा हवेत चौक, बागा आणि नदीकाठ ओस पडतात आणि शहराचे सार्वजनिक जीवन छपराखाली येते. कॉफीगृह, ऑपेरा, संगीतसभागृह आणि नृत्याचे दालन ही हिवाळ्यात गावाने एकत्र येण्याची ठिकाणे. त्यांतले कोणते केव्हा गजबजायचे, हे बरेचसे कॅथलिक पंचांगावर ठरते. 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला सुरू होणारा हा हंगाम राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी संपतो. चर्चला नियमाने जाणाऱ्यांची संख्या आज बरीच घटली असली, तरी हिवाळ्याचे वेळापत्रक तेच राहिले आहे.

घर आणि ऊब

पहिल्या महायुद्धापूर्वी व्हिएन्ना वीस लाखांहून अधिक वस्तीची साम्राज्याची राजधानी होती आणि घरांची टंचाई भीषण होती. कामगारांच्या खोल्या लहान, ओलसर आणि थंड असत. भाडे परवडावे म्हणून एकच खाट पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसांना झोपायला दिली जाई. 1919 नंतर शहराची सत्ता सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे आली. 1923 ते 1934 या काळात महापालिकेने साठ हजारांहून अधिक घरे बांधली. 1930 मध्ये खुल्या झालेल्या कार्ल-मार्क्स-होफ या एक किलोमीटरहून लांब संकुलात घरांबरोबरच सार्वजनिक धुलाईघरे, स्नानगृहे आणि बालवाड्याही होत्या. आजही शहरातले जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

चार लाखांहून अधिक घरांना ऊब मिळते ती शहरभर टाकलेल्या गरम पाण्याच्या नळांतून. या पाण्यासाठी लागणारी काही उष्णता कचरा जाळून मिळवली जाते. श्पिटेलाऊ भागातल्या कचरा-भट्टीला 1987 मध्ये आग लागली. त्यानंतर चित्रकार हुंडर्टवासर याने तिला रंगीबेरंगी भिंती आणि धुराड्यावर सोनेरी गोळा असे नवे रूप दिले. आज पर्यटक ही भट्टी मुद्दाम पाहायला जातात.

रस्त्यावरचा बर्फ महापालिका हटवते. पदपथाची जबाबदारी मात्र कायद्याने लगतच्या घरमालकावर टाकली आहे. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत त्याने पदपथ चालण्याजोगा ठेवायचा आणि बर्फ गोठून निसरडे झाले तर त्यावर बारीक खडी टाकायची. बेघरांसाठी कडाक्याच्या थंडीत जादा निवारे उघडतात. रस्त्यावर कुणी कुडकुडत झोपलेले दिसले, तर कारितास या संस्थेच्या दूरध्वनीवर कळवण्याची सोय असते.

कॉफीगृह

व्हिएन्नातले पहिले कॉफीगृह 1685 मध्ये योहानेस दिओदातो या अर्मेनियन व्यापाऱ्याने परवाना घेऊन उघडले. पुढे एकोणिसाव्या शतकात कॉफीगृहांची भरभराट झाली, त्यामागे घरांची वर सांगितलेली अवस्था हेही एक कारण होते. एका कॉफीच्या दामात गरम खोली, दिवा, वर्तमानपत्रे आणि सोबत मिळत असे. पेटर आल्टेनबर्ग या लेखकाने तर आपला टपालाचा पत्ता म्हणून काफे सेंट्रलचाच पत्ता दिला होता. त्याच सेंट्रलमध्ये परागंदा असलेला ट्रॉट्स्की बुद्धिबळ खेळायला येत असे.

कॉफीगृहाची रीत अजून फारशी बदललेली नाही. संगमरवरी गोल टेबल, वाकवलेल्या लाकडाची थोनेट खुर्ची, दाराशी कोट टांगायचे स्टँड आणि लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे हा तिथला नेहमीचा सरंजाम. काळ्या पोशाखातल्या वेटरला ‘हेर ओबर’ असे आदराने हाक मारायची. नुसती कॉफी मागितली तर तो कोणती, असे विचारतो. फेसाळ दूध घातलेली मेलांज, थोडी साय घातलेली लहान ब्राउनर, काचेच्या पेल्यात वर घट्ट फेटलेली साय असलेली आइनश्पेनर, असे अनेक प्रकार असतात. आइनश्पेनरमधली साय ढवळून टाकायची नसते. ती वर झाकणासारखी राहिली की खालची कॉफी बराच वेळ गरम राहते. कॉफी येते ती छोट्या चकचकीत तबकातून, सोबत पाण्याच्या पेल्यासह, आणि त्या पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला असतो. एका कपावर गिऱ्हाईक तीन तास बसले, तरी त्याला कुणी उठवत नाही. पाण्याचा पेला मात्र न मागता बदलला जातो. 2011 मध्ये ऑस्ट्रियाने या कॉफीगृह-संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली.

सर्व संतांच्या सणापासून नाताळापर्यंत

1 नोव्हेंबरला व्हिएन्नाकर पूर्वजांच्या थडग्यांवर फुलांची चक्रे आणि मेणबत्त्या ठेवायला जातात. सर्वांत मोठी गर्दी होते ती 1874 मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती दफनभूमीत. तिथे सुमारे तीस लाख लोक विसावले आहेत, आणि बेथोवन, शुबर्ट, ब्राम्स व धाकटा योहान स्ट्राउस यांची थडगी एकमेकांच्या जवळ आहेत. दहा दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनचा दिवस येतो. त्या सुमारास तांबड्या कोबीची भाजी आणि उकडलेले गोळे यांच्यासह भाजलेल्या हंसाचे जेवण आणि नव्या द्राक्षमद्याची चव यांचा बेत ठरलेला असतो.

याच दिवसांत चौकाचौकांत चेस्टनटच्या गाड्या लागतात. लोखंडी भट्टीत कोळसे फुलवून, साल फुटून उडू नये म्हणून चेस्टनटला आधी सुरीने चीर देऊन ती भाजतात आणि कागदी पुडीत गरमागरम देतात. शेजारी बटाट्याच्या चकत्याही भाजत असतात. ट्रॅमची वाट पाहणाऱ्यांना ही पुडी हात शेकायलाही उपयोगी पडते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळचे बाजार भरतात. डिसेंबरमधल्या बाजाराची प्रथा व्हिएन्नात तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेली जाते. आज सर्वांत मोठा असलेला नगरभवनापुढचा बाजार त्या जागी 1975 पासून भरतो. तिथला उंच सूचिपर्णी वृक्ष दरवर्षी कोणत्या तरी प्रांताकडून भेट म्हणून येतो. कार्ल्सप्लात्सवर हस्तकलेवर भर असतो, श्पिटेलबर्गच्या अरुंद गल्ल्यांत लहान दुकाने असतात आणि फ्रायुंगच्या बाजारात जुन्या वळणाच्या वस्तू मिळतात. सगळीकडे लोक उभ्याउभ्याच लवंग-दालचिनी घातलेली गरम वाइन किंवा पुन्श पितात. मातीच्या कपासाठी अनामत द्यावी लागते. कप परत केला की पैसे मिळतात, पण दरवर्षीचे चित्र वेगळे असल्याने बरेच जण तो घरी नेतात.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. घरोघरी हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या बसवतात आणि दर रविवारी एक अधिक पेटवतात. 5 डिसेंबरला शिंगवाला, केसाळ क्राम्पुस मुलांना भीती दाखवतो आणि 6 तारखेला संत निकोलस शेंगदाणे, संत्री, चॉकलेट वाटतो.

नाताळची मुख्य वेळ 24 डिसेंबरची संध्याकाळ. दुपारनंतर दुकाने बंद होतात आणि रस्ते रिकामे होतात. ऑस्ट्रियन घरांत भेटी आणतो तो सांताक्लॉज नव्हे, बाळ येशू. मोठी माणसे बंद दाराआड झाड सजवतात. लहान घंटी वाजली की दार उघडते, आणि मुलांना पेटलेल्या मेणबत्त्यांचे झाड व त्याखालच्या भेटी दिसतात. झाड सजवण्याची ही प्रथा व्हिएन्नात तशी नवी आहे. 1814 मध्ये, व्हिएन्ना परिषदेच्या हिवाळ्यात, बर्लिनहून आलेल्या फानी फॉन आर्नश्टाइन या ज्यू यजमानिणीच्या घरी असे झाड असल्याची नोंद गुप्त पोलिसांनी केली होती. रात्रीच्या जेवणात तळलेला कार्प मासा आणि नंतर चंद्रकोरीच्या आकाराची व्हॅनिलाची खुसखुशीत बिस्किटे असतात. 25 आणि 26 तारखांना सुट्टी असते. हे दिवस नातेवाइकांकडे जाण्यायेण्यात जातात.

वर्षाची अखेर

नाताळ घरात, तर वर्षाची अखेर सर्वांसोबत साजरी होते. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत मार्झिपानची डुकरे, चिमणी साफ करणाऱ्याच्या छोट्या आकृत्या, चार पानांचे क्लोव्हर आणि घोड्याचे नाल यांची विक्री धडाक्यात चालते. ही सगळी शुभचिन्हे एकमेकांना देतात. पूर्वी चमच्यात शिसे वितळवून पाण्यात ओतत आणि त्याच्या आकारावरून नव्या वर्षाचे भविष्य पाहत. 2018 पासून युरोपीय संघाच्या शिशावरील निर्बंधामुळे आता मेण किंवा कथील वापरतात.

31 डिसेंबरला जुन्या शहरात जागोजागी रंगमंच उभारतात आणि ग्राबेन या रस्त्यावर नृत्यशाळांचे शिक्षक येणाऱ्याजाणाऱ्यांना वॉल्ट्झ शिकवतात. मध्यरात्री संत स्टीफनच्या कॅथीड्रलमधली ‘पुमेरिन’ ही घंटा वाजते. पहिली पुमेरिन 1711 मध्ये, तुर्कांकडून हस्तगत केलेल्या तोफा वितळवून ओतली होती. एप्रिल 1945 मध्ये कॅथीड्रलला लागलेल्या आगीत ती कोसळून फुटली. तिच्याच तुकड्यांसह 1951 मध्ये ओतलेली आजची घंटा वीस टनांहून जड आहे. सरकारी प्रसारण संस्था तिचा नाद देशभर ऐकवते आणि त्यापाठोपाठ ‘ब्लू डॅन्यूब’ वॉल्ट्झ लावते. वर्षाची पहिली काही मिनिटे लोक रस्त्यात, अंगावर जाड कोट असतानाच, वॉल्ट्झ नाचतात.

नववर्षाची मैफल

1 जानेवारीला सकाळी सव्वाअकराला, म्हणजे भारतात दुपारी पावणेचारला, म्यूझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिकची नववर्षाची मैफल सुरू होते. टेओफिल हान्सेन याने आखलेली ही इमारत 1870 मध्ये खुली झाली. सभागृह लांबट पेटीच्या आकाराचे असून त्यात सुमारे 1,700 आसने आहेत. मैफलीची तिकिटे जवळजवळ वर्षभर आधी सोडतीने दिली जातात. दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण 1959 पासून होते आणि आज ते नव्वदांहून अधिक देशांत दिसते. कार्यक्रमात मुख्यतः स्ट्राउस घराण्याच्या रचना असतात. शेवटी ‘ब्लू डॅन्यूब’चे पहिले स्वर वाजताच टाळ्या पडतात, वादन थांबते, वाद्यवृंद सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा देतो आणि वॉल्ट्झ पुन्हा सुरुवातीपासून वाजवला जातो. त्यानंतर थोरल्या स्ट्राउसचा ‘राडेट्स्की मार्च’ वाजतो आणि श्रोते टाळ्यांचा ताल धरतात.

या आनंदी कार्यक्रमाचा उगम मात्र अंधाऱ्या काळातला आहे. ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झालेला असताना, 31 डिसेंबर 1939 रोजी, क्लेमेन्स क्राउस याच्या संचालनाखाली पहिली मैफल झाली. तिचे उत्पन्न नाझी राजवटीच्या युद्धकालीन हिवाळी मदतनिधीला गेले. मैफल 1 जानेवारीला हलली ती 1941 पासून. वाद्यवृंदाने नाझी काळातल्या आपल्या इतिहासावरचे इतिहासकारांचे संशोधन 2013 मध्ये खुले केले.

1936 मध्ये मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी 1990, 1995, 1998, 2007 आणि 2015 अशी पाच वेळा ही मैफल संचालित केली आहे. ते 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नात शिकायला आले आणि हान्स स्वारोव्स्की यांचे विद्यार्थी झाले. थोर संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ आबादो म्यूझिकफेराइनच्या गायकवृंदात दाखल झाले होते.

ऑपेरा आणि चित्रे

स्टेट ऑपेराचे घर 1869 मध्ये उघडले, 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि 5 नोव्हेंबर 1955 ला बेथोवनच्या ‘फिडेलिओ’ने पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर ते जून या हंगामात इथे जवळजवळ रोज प्रयोग असतो, आणि ऑपेरा रोज बदलते. 31 डिसेंबरला धाकट्या स्ट्राउसची ‘डी फ्लेडरमाउस’ ठरलेली. 1874 च्या या ऑपेरेटाचा मधला अंकच नृत्यसमारंभात घडतो.

बसण्याची चांगली तिकिटे महाग असली, तरी उभ्याने ऐकण्याच्या शेकडो जागा अगदी कमी दरात मिळतात. या जागांना आडवे कठडे असतात. आधी पोचलेला रसिक आपला रुमाल किंवा मफलर कठड्याला बांधतो आणि खुशाल कॉफी प्यायला जातो. ती जागा मग दुसरा कुणी घेत नाही. विद्यार्थी, निवृत्त लोक आणि वर्षानुवर्षे येणारे दर्दी इथे शेजारी उभे असतात. त्यांनी एखाद्या गायकाला नापसंती दाखवली, तर ती खालच्या महागड्या रांगांपर्यंत ऐकू जाते. जाड कोट मात्र सर्वांनीच कोटघरात ठेवायचे असतात. थंडीच्या प्रदेशात नाट्यगृहाला कोटघर तिकीटखिडकीइतकेच आवश्यक असते.

करड्या दुपारी संग्रहालयेही भरतात. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये थोरल्या पीटर ब्रूगलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. 1565 मधले ‘बर्फातले शिकारी’ त्यातच आहे. थकून परतणारे शिकारी आणि खालच्या गोठलेल्या तळ्यावर खेळणारी माणसे या चित्रात एकत्र दिसतात.

बर्फावर

व्हिएन्ना स्केटिंग क्लबची स्थापना 1867 मध्ये झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्स याने इथे संगीताच्या तालावर स्केटिंग करून दाखवले, आणि त्यातून वॉल्ट्झच्या लयीतले व्हिएन्नी वळण घडले. अडचण एकच होती. हवा जरा उबदार झाली की बर्फ वितळे. एडुआर्ड एंगेलमान या अभियंत्याने 1909 मध्ये हेर्नाल्स भागात उघड्यावरचे पहिले कृत्रिम बर्फमैदान उभारून त्यावर उपाय काढला. नगरभवनापुढच्या चौकात नाताळचा बाजार उठला की जानेवारीत बर्फाचे मोठे मैदान तयार होते. ही प्रथा 1996 पासूनची. कामावरून सुटलेले लोक संध्याकाळी तिथे स्केट्स भाड्याने घेतात.

स्कीइंगसाठी मात्र शहर सोडावे लागते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि आल्प्सकडच्या गाड्या भरून जातात. या सुट्टीचा जन्म खेळासाठी झालेला नाही. तेलसंकटाच्या वेळी, 1974 मध्ये, शाळा तापवण्याचा खर्च वाचावा म्हणून ती सुरू झाली. तेलसंकट सरले, पण सुट्टी कायम राहिली.

नृत्याचा हंगाम

फाशिंग, म्हणजे उपवासकाळापूर्वीचा मौजेचा हंगाम, औपचारिकपणे 11 नोव्हेंबरला सुरू होतो. त्याला रंग चढतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. एका हिवाळ्यात व्हिएन्नात चारशेहून अधिक नृत्यसमारंभ होतात. मूळ प्रथा दरबाराची. डिसेंबर 1787 मध्ये मोत्सार्टला दरबारी नेमणूक मिळाली, तेव्हा त्याचे मुख्य काम होते होफबुर्ग राजवाड्यातल्या हिवाळी नृत्यांसाठी संगीत लिहिणे. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गाने ही प्रथा उचलली आणि दरवर्षी नव्या वॉल्ट्झची मागणी वाढली. ‘ब्लू डॅन्यूब’ अशाच एका फाशिंगमध्ये, 15 फेब्रुवारी 1867 रोजी, प्रथम सादर झाला. जागा होती डियानाबाड हा जलतरण तलाव. हिवाळ्यात त्याच्यावर लाकडी फरशी टाकून सभागृह केले जाई.

आज डॉक्टर, वकील, अभियंते, शिकारी, माळी, मिठाईवाले आणि कॉफीगृहांचे मालक या सगळ्यांचे आपापले नृत्यसमारंभ असतात. कॉफीगृहवाल्यांचा समारंभ होफबुर्गमध्ये होतो, आणि शिकाऱ्यांच्या समारंभाला लोक पारंपरिक ग्रामीण पोशाखात येतात. फिलहार्मोनिकचा समारंभ 1924 पासून म्यूझिकफेराइनमध्ये होतो. त्याची नांदी रिखार्ड स्ट्राउसने लिहिली. वॉल्ट्झवाल्या स्ट्राउस घराण्याशी त्याचे नाते नव्हते.

समारंभाचा क्रम सगळीकडे साधारण सारखाच असतो. पांढऱ्या पोशाखातल्या तरुणी आणि काळ्या पोशाखातले तरुण जोडीने प्रवेश करतात आणि डावीकडे फिरणारा अवघड वॉल्ट्झ करून दाखवतात. मग ‘आलेस वॉल्ट्सर’, म्हणजे आता सगळ्यांनी नाचावे, अशी घोषणा होते. मध्यरात्री क्वाड्रिल हे सांघिक नृत्य होते. सूत्रधार सूचना देत जातो, वेग वाढत जातो आणि रांगांचा हमखास गोंधळ उडतो. या सगळ्याची तयारी पंधरा-सोळा वर्षांची मुले नृत्यशाळेत करतात. 1919 मध्ये स्थापन झालेल्या एल्मायर नृत्यशाळेत पावलांबरोबर शिष्टाचारही शिकवतात. पहाटे समारंभ संपला की लांब झग्यातल्या स्त्रिया आणि टेलकोटातले पुरुष सॉसेजच्या टपरीवर उभ्याने खाताना दिसतात.

या सर्वांचा मेरुमणी म्हणजे राखेच्या बुधवारापूर्वीच्या गुरुवारी होणारा ऑपेरा बॉल. या नावाने तो 1935 मध्ये सुरू झाला आणि युद्धानंतर 1956 पासून पुन्हा होऊ लागला. त्यासाठी ऑपेरातल्या खालच्या खुर्च्या काढून रंगमंचाच्या पातळीवर फरशी चढवतात. पाच हजारांच्या आसपास पाहुणे येतात. प्रवेशाचे तिकीट तीनशे युरोंच्या वर जाते आणि एका बॉक्ससाठी वीस हजार युरोंहून अधिक मोजावे लागतात. 1987 पासून अनेकदा त्याच रात्री बाहेर रस्त्यावर निदर्शनेही झाली आहेत. 1991 मध्ये आखाती युद्धामुळे आणि 2021 व 2022 मध्ये महासाथीमुळे हा समारंभ रद्द झाला होता.

हंगामाची सांगता

फाशिंगचा खाऊ म्हणजे क्राप्फेन. यीस्ट घालून फुगवलेल्या मऊ पिठाचे गोळे तुपा-तेलात तळायचे, आत जर्दाळूचा मुरंबा भरायचा आणि वरून पिठीसाखर भुरभुरायची. कमरेभोवती फिकट पट्टा उमटला की क्राप्फेन चांगला जमला असे समजतात. पीठ हलके फुगलेले असेल तर गोळा तेलावर तरंगतो, आणि मधल्या भागाला तेल लागत नाही. फाशिंगच्या शेवटच्या मंगळवारी बेकऱ्यांपुढे यासाठी रांगा लागतात.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. चर्चमध्ये भाविकांच्या कपाळी राख लावतात आणि उपाहारगृहांत मांसाऐवजी हेरिंग माशांचे पदार्थ मांडतात. नृत्यसमारंभ या दिवसापासून जवळपास थांबतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत नगरभवनापुढचे बर्फमैदान उचलले जाते. दिवस मोठा होऊ लागतो, फ्रायुंग आणि शोनब्रुनच्या चौकांत रंगवलेल्या अंड्यांचे ईस्टर बाजार मांडले जातात आणि कॉफीगृहे आपली टेबले पदपथावर आणतात. तिथून पुढच्या उघड्यावरच्या व्हिएन्नाचा विचार पुढील भागात.